दोन डावे पंख

जोडून शोभेला ठेवायच्या छोट्या विमानांचे सुटे भाग कारखान्यात खोक्यांत भरणाऱ्या बाई दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसल्या होत्या. शेजारी सासरे-सून बोलत होते.

"बाबा, कारखान्याचा साचा तुटला म्हणून त्यांनी आठ महिने थांबवलं, आणि आता दोन्ही पंख डावे पाठवले. तक्रार करा."

"नको गं. खोका परत मागवतील, की पुन्हा आठ महिने."

"मग विमान?"

"एक पंख उलटा करून कानशीनं घासला. बसला की. कपाटावर ठेवायचंय, उडवायचं थोडंच आहे?"

"पण भरणाऱ्याला काही बोलायचं नाही?"

"अगं, शेकडो ऑर्डरी तुंबल्यात. घाईत होतं माणसाचं."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

आत डॉक्टरांनी विचारलं, "कुठली दाढ? डावी की उजवी?"

"थांबा, यावेळी नीट बघून सांगते."