पाध्यांच्या विहिरीचा नारळ

रत्नागिरीच्या स्टँडवर पालीची गाडी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"काय रे मुकुल, झारखंडातनं कधी आलास? बोअरला लागलं का पाणी?"

"लागलं, श्रीपतीकाका. पण शेजारच्या पाध्यांच्या विहिरीला."

"म्हणजे?"

"आमची बोअर कोरडी. म्हटलं, तिकडे मी दाबानं पाणी सोडून कोळशाचे थर फोडतो, गॅस काढतो. घरच्या कातळाची काय कथा! मशीन मागवलं, दिला दाब."

"मग?"

"चीर जायची होती खाली, ती दोन थरांमधल्या मऊ मातीतनं आडवी पळाली. वाटेत झरा लागला, त्याला घेऊन थेट पाध्यांच्या आटलेल्या विहिरीत."

"असं होतं, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक? गेल्या वर्षी यावरच दोन तास भाषण दिलंय मी! आता आमच्या कळश्या पाध्यांकडेच भरतात."

"पण तुमचं तर दहा वर्षं बोलणं नव्हतं."

"परवा स्वतः बोलवायला आले. विहिरीच्या पूजेचा नारळ माझ्याच हातून फोडून घेतला."

"फुटला नीट?"

"अगदी मधोमध, काका. मी फोडलेलं आणि हवं तिथंच फुटलेलं, एवढं एकच."