बापानं प्यालेली बरी

—बाथरूममधी? न्हाय वो, बाथरूममधी कशाला पडतोय मी. ते शेजारच्यांनी सांगितलं असंल, माझी इज्जत राखायला. उद्या सोयरं होणार आपण, तुमच्यापास्नं काय लपवायचं — प्यालतो. शनवारी घेतली जरा. स्टँडमागं ती बारची गल्ली न्हाय का, तितं. कुणाची तरी बाचाबाची झाली, बाटली भिरकावली, ती आली थेट माझ्या टकुऱ्यावर. टाकं पडलं. टक्कल हाय म्हणून डॉक्टरला केस भादरायचा तरास न्हाय झाला, तेवढाच त्येचा फायदा. घ्या की, पोहं घ्या आजून. आगं शालू, पावण्यांस्नी पोहं आण — ह्या आमच्या मंडळी. लेक आमची, अनुजा, येतीया एवढ्यात. सरकारी दवाखान्यात नर्स म्हटल्यावर रातपाळी आलीच, आणि तुम्ही दुपारी येणार म्हणून निरोप हुता — न्हाय न्हाय, लवकर आलासा ते बरंच झालं! नेसरीसनं यायचं म्हणजे काय जवळ हाय व्हय.

हसलासा? हसा की. मला वाटलं, पट्टी बघून पावणं उंबऱ्यातनंच परततंय. — तेच तर! समदेच घेत्यात. बाप्या माणूस हाय, एखाद्या वक्ताला चालायचंच. तुमच्या तोंडनं ह्ये ऐकलं आणि जीव भांड्यात पडला बघा. खोटं न्हाय सांगत, ही पट्टी बांधल्यापास्नं गल्लीत माझी किंमतच वाढलीया. मी दूध संस्थेत फॅट काढतो — सकाळ-सांच्याला लोकांच्या तोंडावर त्यांच्या दुधातलं पाणी सांगायचं. मग माझ्यासंगं कोण बोलणार? पानपट्टीवाला आदर्श, त्येनं कधी सुट्टं पैसं हसून दिलं न्हाईत, त्येनं काल हाक मारून स्टूल दिलं. "बसा आकाराममामा, आखेर माणसात आलासा!" तालमीम्होरं बसणारी म्हातारी खोडं, ती आता खांद्यावर हात टाकून विचारत्यात, दुखतंय का म्हणून. इतकी वर्षं नुसतं दूध पिऊन बसलो, येड्यावानी. आधीच कुणाकडनं तरी डोकं फोडून घ्यायला पायजे हुतं.

कोणती म्हणजे? — हां, दारू कोणती. ती आपली... इंग्लिश. नाव काय ध्येनात न्हाय. आवं प्याल्यावर कुठं नाव राहतंय ध्येनात? रंग? रंग तांबडा. म्हणजे पांढरा. म्हणजे आधी तांबडी घेतली, मग पांढरी — रश्शागत न्हाय वो, गिलासातनंच. आणि किती म्हणजे, लय न्हाय. अर्धा लिटर. — का वो? एवढं हसायला काय झालं? एकट्यानंच की. अर्धा लिटर लय हुतंय व्हय? आता माप तोंडात बसलंय, त्येला मी काय करू... न्हाय, म्हणजे सवय हाय मला, जुनी सवय हाय. बरोबर काय खाल्लं? भात. — आज सांच्याला? बसायचं? तुम्ही आणि मी? बसू की! त्येला काय हुतंय, पावणं म्हणताय तर बसायलाच पायजे, अर्धा लिटर तुमचा, अर्धा माझा — आत भांडं आपटलं बघा. मांजर असंल. मांजरं लय झाल्यात आमच्यात.

असं बघू नगासा. बरं. जाऊ दे, तुम्ही वळखलासाच. मी जल्मात थेंब घेतला न्हाय. खोटं दारुडं व्हायचं म्हटलं तरी अक्कल लागती, आणि ती माझ्याकडं खऱ्याला पण पुरत न्हाय. शालूनं काल झोपूस्तवर शिकवलं मला — पावण्यांनी डोक्याचं विचारलं तर 'प्यालतो' म्हणायचं आणि गप बसायचं. 'प्यालतो' म्हटलं मी बरोबर. गप बसायचं तेवढं राहिलं. — आता तू किती बी भांडी आपट गं, निघालं तोंडातनं! — का म्हणून म्हणजे काय, पावणं... त्या गल्लीत मी प्यायला गेलो नव्हतो. अनुजाला आणायला गेलतो.

आवं पुरतं ऐका तरी! ती पण प्यायला न्हाय गेलती! तसलं काय मनात आणू नगासा, हात जोडतो. ती तितं दर शनवारी उभी असती. — उभी म्हणजे, तालमीची चार पोरं असत्यात संगं, नारिंगी जाकिटं घालून. बारच्या दारातनं कोण झोकांड्या खात आला की त्येच्याकडनं गाडीची चावी मागून घ्यायची, पाणी द्यायचं, रिक्षात घालून घरला लावून द्यायचा, चावी सकाळी न्यायची. भांडण लागायच्या आधीच दोघांस्नी दोन तोंडाला करायचं. बारवाल्यांस्नी पण तिनंच कबूल करून घेतलंया, काचंची बाटली दाराभाईर जाऊ द्यायची न्हाय म्हणून. सगळं पाळत्यात का? न्हाय पाळत. ही माझी खोपडी हाय की साक्षीला.

ह्ये डोक्यात कुठनं आलं तिच्या? दवाखान्यातनं. शनवार आला की त्या गल्लीतनं फुटलेली तोंडं, मोडलेलं हात, गाडीखाली सापडलेली माणसं, रांगच लागती म्हणती. मागं गल्लीत बैठक झालती ह्येच्यावर. एक उठला, म्हणाला बार बंद करा — आणि त्यो बैठक लवकर आवरा म्हणत हुता, का, तर त्येची तिकडं जायची वेळ झालती. दुसरा म्हणाला, पिऊन मरत्यात तर मरू देत, आपल्या बाचं काय जातंय. तिसऱ्यानं सांगितलं, शाण्यासुरत्या माणसानं आणि पोरीबाळींनी तिकडनं जायचंच कशाला, जाणाऱ्याला लागलं तर त्येचीच चूक. त्येला टाळ्या पडल्या बघा! सगळ्यात मोठ्यानं कुणी वाजवल्या? मी. अजून हात खाली आलं नव्हतं, आणि मागनं आमची अनुजा उठली, "मग पप्पा, मी रातपाळीला त्याच रस्त्यानं जातो, मला लागलं तर कुणाची चूक?" मी खाजवलं डोकं, टाळ्या वाजवायलाच हात वर गेलंत असं दाखवायचं नव्हतं मला.

आणि मग तिनं ह्ये सुरू केलं. आणि लोकांनी काय म्हटलं? गुन्हं कमी झालं, भांडणं कमी झाली, असं कोण म्हणाला व्हय? "आकारामची पोरगी बारच्या दारात उभी असती." बास. एवढंच. आधीचं एक स्थळ एवढ्या एका वाक्यावर मोडलं. चांगली माणसं हुती, चहा अर्धा ठेवून उठली. म्हणून शालूनं ठरवलं — बाप दारुडा निघाला तर पावणं हसत्यात, आणि पोरगी त्या गल्लीत दिसली तर उठत्यात. मग बापालाच दारुडा करूया. मला पण पटलं की वो! माझं काय जातंय? नाव तर कधी मोठं नव्हतंच.

तर शनवारचं. मी तिला आणायला गेलतो म्हणजे, तिला ठावं नव्हतं. मी आम्लेटच्या गाड्याआड उभा. डोक्याला मफलर बांधून, मे महिन्यात — म्हणजे कुणी वळखू नये म्हणून. आम्लेटवाला सारखा विचारतोय, मामा, ताप आलाय का. आणि म्होरं एक पोरगा चावी देईना. कोण का असंना, तुमच्या-आमच्यातलाच, शिकला-सवरलेला. अनुजा त्येला निवांत म्हणती, "दादा, चावी दे, सकाळी ने. मी रिक्षा बोलावतो." त्येनं हातातली बाटली वर केली. आता बापानं काय करायचं असतंय? उडी घ्यायची असतीया. मी काय केलं? गाड्याआडनंच वरडलो — "पोलीस आलं, पळा, पोलीस आलं!" त्येनं आवाजाच्या दिशेनं बाटली सोडली. एवढ्या मोठ्या गल्लीत न प्यालेलं टकुरं शोधून बरोबर त्येच्यावर मारली लेकानं. नेम काय सांगू!

आणि आमची लेक! पळत आली, त्योच मफलर घडी करून डोक्यावर दाबला, "पप्पा, दाबून धरा, मी आलोच" — आणि गेली की परत त्येच्याकडं! हितं बापाचं रगत गळतंय आणि ही त्येला खाली बसवून त्येच्या खिशातनं चावी काढतीया. मी म्हटलं, "आगं, मी?" तर म्हणती, "तुम्ही शुद्धीत हाय पप्पा, तुम्ही थांबतासा. ह्यो गाडी काढील आणि कुणाला तरी मारून येईल." पोलिसांच्या ताब्यात दिला त्येला, आणि मग बापाला रिक्षात घालून टाकं घालायला दवाखान्यात नेला. घरला येईस्तवर मी तिच्यासंगं बोललो न्हाय. फुगून बसलो हुतो. पण खरं सांगू का पावणं, आतनं लय भारी वाटत हुतं. लय. रडाय आलं मला, आणि ती म्हणती टाकं दुखत्यात व्हय. असली वाघीण माझ्या पोटी? गाड्याआड लपणाऱ्याच्या?

...काय म्हणालासा? — व्हय, ऐकलं. लगीन झाल्यावर ह्ये बंद. बरोबर हाय तुमचं. घरंदाज घर, चार लोकांत नाव. नोकरी चालंल, पण ह्ये नगं, आणि झालेलं सुद्धा गावात कुणाला कळता कामा नये. व्हय, व्हय. सांगतो की तिला. मी सांगितलं की ऐकती ती. — ऐकत न्हाय कधी, पण सांगतो. सांगायलाच पायजे. आणि काय म्हणालासा, शेवटचं? बापानं प्यालेलं चाललं असतं. व्हय. असं म्हणालासा.

जरा थांबा. मला कुणाला न्हाय म्हणायची सवय न्हाय वो, जीभच वळत न्हाय. तुमच्या पोराला, सम्राटला, नावं ठेवायला जागा न्हाय, पुण्याला चांगल्या नोकरीत हाय, आणि अनुजाचं वय काय आमच्यासाठी थांबून राहणार न्हाय. पुन्हा असलं स्थळ येईल का, ह्या भ्यानं मला रातीची झोप न्हाय. शालू आत देवाम्होरं उभी असंल. पण तिच्याम्होरं जाऊन 'बंद कर बाळ' म्हणायचं तोंड मला न्हाय. शोधतोय मघाधरनं, गावत न्हाय. तवा ह्ये राहू दे. न्हाय जमत आपलं. — शालू, तू बाहेर आलीस ते बरं, पण मधी बोलू नगंस.

गल्लीत वाजली ती तिचीच गाडी. उठा पावणं, हितनं, परसदारानं जावा. रातभर उभं राहून आलीया पोर, आल्या आल्या तिला ही अट ऐकवायची न्हाय मला. तिला सांगीन, पावणं सकाळी सकाळी पिऊन आलतं, म्हणून मीच लावून दिलं. चला, चपला हातात घ्या.