पोरींना विचारलं का कुणी?

नाही, पण घोडे कशाला? तुम्हीच सांगा मला, शाळेत घोडे कशाला? "मॅम, वी हॅव अवर ओन हॉर्सेस!" अहो असतील! मी शाळा बघायला आलेय, वरात काढायला नाही!

थांबा, नीट सांगते, रागाच्या भरात माझं मागचं पुढं होतं. मी तनुजा. राहते काळेवाडीत, नोकरी चाकणच्या एका कोरियन कंपनीत, ॲडमिनला. ॲडमिन म्हणजे काय, तर जे काम कुणाचंच नाही ते आपलं! कोरियाहून साहेब आला की त्याचा फ्लॅट बघा, गॅस बघा, एसी गळतोय तो बघा... या खेपेला आले ह्वांग साहेब, बायको सोयॉन मॅडम आणि दोन पोरी. थोरली हाना, दहा वर्षांची. धाकटी युना, सहाची. आणि ही युना, तुम्हाला सांगते, इथं आल्यापासून बोलायचीच बंद झालेली. बोललीच तर फक्त बहिणीच्या कानात. आईशीसुद्धा नाही! मॅडम रडकुंडीला आल्या बिचाऱ्या. नवऱ्याला स्पष्ट सांगितलं त्यांनी, पोरी शाळेत रमल्या तर राहते, नाहीतर दोघींना घेऊन परत चालले, तू बस इथं एकटा गाड्यांचे पार्ट बनवत!

आता आमचे एचआरचे यशवंत सर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तनुजा, हे बघ, शाळा एकदम टॉपची पाहिजे. नावात इंटरनॅशनल पाहिजे, फी कंपनी भरणार ना, पॉलिसीत आहे तसं. स्विमिंग पूल पाहिजे. एसी बस पाहिजे. साहेब खूश झाला पाहिजे."

आणि पोरींना विचारलं का कुणी? नाही!

तर ती घोड्यांची शाळा. गेटात शिरतोय तोच एक काउन्सेलर बाई आली, इंग्रजी अशी की जणू लंडनहून आत्ता उतरलीय. मॅडमना वाकून नमस्कार, आणि मला? "दीदी, आया लोग बाहर बैठेंगे." आया! अहो, मी एम.कॉम. आहे! चेहरा कोरियन नाही म्हटल्यावर मी आयाच असणार ना! मॅडमनी माझा हात धरून आत नेलं म्हणून, नाहीतर तिथंच काहीतरी घडलं असतं.

मग पूल दाखवला, घोडे दाखवले, तारांगण दाखवलं. मॅडमनी फोनवर भाषांतर करून एकच प्रश्न विचारला हो... "माझी धाकटी बोलत नाही. वर्गात तिच्याजवळ कोण बसेल?" एवढाच! तर बाई काय म्हणाली? "ओ, नो वरीज मॅम, वी हॅव अ स्पीच अँड ड्रामा स्टुडिओ!" मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी घोड्याकडं बघितलं. त्या सगळ्यांत समजूतदार चेहरा त्याचाच होता.

दुसरी शाळा. इथं म्हणे आधी मुलांना वर्गात बसवून बघतात. मला वाटलं, चला, इथं तरी कुणी पोरींकडं बघणार! प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनमध्ये आम्हाला बिस्किटं, आणि त्यांचं चालू... "आमची मुलं ग्लोबल सिटिझन्स आहेत..." तेवढ्यात एक टीचर दोघींना घेऊन आली. हानाचा चेहरा लालबुंद, आणि युनाच्या गळ्यात... काय असावं? दोरीत ओवलेला पुठ्ठा! त्यावर लिहिलेलं, 'आय विल स्पीक ओन्ली इंग्लिश'!

का? तर ती बहिणीच्या कानात कोरियनमध्ये बोलली! आणि काय बोलली? हानानंच सांगितलं, बाथरूम कुठंय म्हणून!

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि मराठीत सुरू झाले, काय करता! "अहो मॅडम, सहा वर्षांच्या पोरीला सू लागलीय! ती काय इंग्रजीत लागते का?"

"प्लीज, धिस इज ॲन इंटरनॅशनल स्कूल..."

"मग कोरिया काय तुमच्या खेड तालुक्यात येतो का?"

त्या उभ्या राहिल्या, मी उभीच होते, सोयॉन मॅडम फोनमध्ये 'सू' शोधताहेत... आणि या सगळ्या गोंधळात हानानं बहिणीच्या गळ्यातला पुठ्ठा काढला, प्रिन्सिपॉलच्या टेबलावर बिस्किटांच्या बशीशेजारी नीट ठेवला, आणि युनाचा हात धरून बाथरूम शोधायला निघून गेली. दहा वर्षांची पोर हो... अजून अंगावर काटा येतो.

परत निघालो. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मला कळलं होतं की त्या मनातल्या मनात बॅगा भरताहेत. निघोज्याजवळ ट्रेलर आडवे, ट्रॅफिक ठप्प. शेजारी एक साधी दुमजली शाळा, मधली सुट्टी झालेली, पोरं लगोरी खेळत होती. आणि युना काचेवर धाडधाड हात मारायला लागली! काय झालं, काय झालं... तिला उतरायचं होतं!

उतरलो. वॉचमन काही म्हणायच्या आत पोरगी मैदानात. एका पोरीनं तिच्या हातात चेंडू दिला, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. युनानं नेम धरला, लगोरी फोडली, आणि ओरडली हो! मोठ्यानं! "इग्यॉत्ता!"

तिथल्या विजयश्री बाई धावत आल्या. मला वाटलं, झालं, आला पुठ्ठा! तर त्या हानाला विचारतात, "म्हणजे काय गं?" हाना म्हणाली, "आय वन." मग काय, सगळं मैदान ओरडायला लागलं, "इग्यॉत्ता! इग्यॉत्ता!" आणि सोयॉन मॅडम पायरीवर बसून ओढणीत... माझ्या ओढणीत तोंड घालून रडल्या.

मग मीच विचारलं दोघींना, कुठली शाळा? हानानं जमिनीकडं बोट दाखवलं. ही.

आता यशवंत सर! "तनुजा, नावात इंटरनॅशनल कुठंय? पॉलिसीत बसत नाही!" ह्वांग साहेबांनी टेबल वाजवलं, "माय डॉटर लाफ्ड!" सर म्हणाले, पण पॉलिसी... शेवटी मी गेले शाळेच्या आबाजींकडं. त्यांच्याच शेतावर शाळा उभी. म्हातारा हसला. "येवढंच व्हय? लिवून टाकतो की!" आणि खरंच, आठवड्यात पाटी रंगवून मोकळे, 'इंटरनॅशनल विद्यालय, निघोजे'. पॉलिसी खूश! आणि युना आता "ए, माझी बारी हाय!" म्हणून भांडते.

मग मला वाटलं, माझी लेक दिव्या यंदा पहिलीत जायचीय, तिलाही इथंच घालू. गेले. तर आबाजी नजर चोरायला लागले. "ताई, मनाला लावून घेऊ नगा. पन पाटी बदलल्यापास्नं पार दिल्लीवरनं फोन येत्यात. लोकलच्या जागा भरल्या. आता फकस्त फॉरिनवाल्यांच्या हायेत."

आता काय बोलायचं, सांगा! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अहो, कोरियाला बदली बघा. दोन वर्षं तिकडं काढू, फॉरिनचे होऊन येऊ... म्हणजे निघोज्यात ॲडमिशन मिळेल!