गडाला मागचं दार

राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात चिमणाबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी नवरा-बायको बोलत होते.

"संयोगिता, गड आजबी पडला."

"तुम्ही बनवताय त्या लढाईच्या खेळातला, का लिहिताय त्या कादंबरीतला?"

"गड एकच हाय की! खेळात घडंल तेच लिहितोय. फासे टाकले, वेढ्याच्या पाचव्या डावाला दाणागोटा संपला. आता कादंबरीतली तुळसा आत उपाशी मरणार."

"अवो, ती मेली तर मी पुढं वाचणार न्हाय!"

चिमणाबाईंना राहवेना.

"पावणं, तिला मागच्या दारानं काढा की."

"नकाशात मागचं दारच न्हाय, मावशी."

"मग बायका सरपण आणत्यात कुठनं?"

पावण्यानं सुजलेल्या गालावरचा हात काढला आणि पेन उघडून मांडीवरच्या नकाशावर टेकवलं.

आतनं हाक आली, "विजयसिंह, या!"

"थांबा डॉक्टर, भिंत फोडतोय!"