मंगलचं मशीन

आता हसायला येतं, पण त्या दिवशी मला घाम फुटला होता. ब्याण्णवच्या सुमारास जिंतूरला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर वायरनं जोडलेले होते. मी लय हुशारीनं प्रोग्राम लिहिला. सकाळी ऑपरेटरनं आपलं नाव टाकायचं, ते माझ्या यादीत नसलं की मशीन परकं समजून बाकीच्या दोघांपासून आपोआप तोडलं जायचं.

लग्नाची सुट्टी संपवून आमची ऑपरेटर मंगल आली अन् तिचंच मशीन तुटलं. कापसाचा अहवाल दुपारच्या यष्टीनं परभणीला जायचा होता.

"नाव काय टाकलंस?"

"वैशाली. सासरी बदललंय की, साहेब."

मी यादी दुरुस्त करायला बसलो. तिनं मला थांबवलं, 'मंगल' टाकलं अन् मशीन लगेच जोडलं गेलं.

"राहू द्या, साहेब. हे माहेर हाय, इथं जुनंच नाव चालतंय."