जमनाबाईचा ओटीपी

मी जमना. मानोऱ्याकडच्या तांड्यातली. जलम इथलाच, लगनही इथंच झालं, अन् दसरा झाला का ऊसतोडीले जाणं, माह्या मायनं हेच केलं, मीबी हेच करून राह्यली. काय सांगू तुमाले, आधारकार्ड काढाले माणसं आली तवा साऱ्या तांड्यात मोबाईल एकट्या मुकादमाजवय, तोडीले टोळी नेते त्याच्याजवय. मंग साऱ्याईनं त्याचाच नंबर देल्ला, बायाईनं, बुढ्याईनं, लेकराईच्या कार्डालेही त्याचाच. आमाले काय मालूम, पुढं याचं काय होते ते!

मंग कार्डाचं काही करा, ओटीपी जाते मुकादमाच्या खिशात. जा त्याच्या दारी, म्हणा, मुकादमभाऊ, नंबर आला का. तो खाटीवर पाय पसरून म्हणे, आला, आला, आंधी चहा तं होऊ दे. म्हंजे चहाबी त्याच्या चुलीवर आमीच मांडाचा!

औंदा पोटात दुखे म्हणून मी बायांच्या डॉक्टरीणकडं गेली. तिथं कार्डावरून ऑनलाईन नाव घातलं. घरच्या माणसालेही सांगतलं नोतं मी. अन् सांजच्याले मुकादम चारचौघात म्हणे, काहून वो जमना, पिशवीचा तरास हाय वाटते तुले, काढून टाक, नाई तं तोडीले तुह्या जागी दुसरी बाई पाह्यतो. माय वो! मान खाली गेली माह्यी. अन् मंग असा संताप आला, माह्यं पोट, अन् दवाखान्याचा मेसेज याच्या मोबाईलवर पह्यले?

आता मोबाईल माह्याजवयबी हाय, दुसऱ्या दिशी गेली मानोऱ्याले, कार्डाले त्याचा नंबर टाकाले. सेंटरवरची पोरगी म्हणे, मावशी, बोटं लावा. कोयता धरू धरू बोटं घासली, मशीन काही घेतेच नाई. मंग तिनं डोये लावाले सांगतलं. अन् डोये घेतले नं बाप्पा मशीननं!

मंग एक दिवस माह्या झंपरातला मोबाईल वाजला. आकडे मले वाचता येते, मीच वाचले. ओरडलीच मी, आला वो बायाहो, माह्या घरी आला! मुकादम म्हणे, काय आला, सांग तं. मी म्हंलं, ओटीपी कोणाले सांगाचा नसते, भाऊ.

बाया अशा हासल्या! पुढच्या बाजारी साऱ्या ऑटोत कोंबून मानोऱ्याले गेल्या. आता मुकादम आपला चहा आपणच मांडते.

डॉक्टरीण काय म्हणे, इचारता? ते माह्या घरच्या माणसाले सांगतलं मी, माह्या तोंडानं. तुमी तं लेहून राह्यले, तुमाले नाई सांगत. सुखी राहा बापा.