आईचा जर्मन फॉर्म

तुम्हाला सांगते, जर्मनच्या पहिल्या परीक्षेत पाच रकान्यांचा फॉर्म भरायचा असतो, पण आपला नाही. उताऱ्यातल्या माणसाची माहिती लिहायची. क्लासच्या सराव पेपरात मी स्वतःचंच नाव अन् आपलं गाव भातकुली लिहून शून्य मिळवलं. तेव्हाच ठरवलं, रोज दहा जणांचे फॉर्म भरीन, पण नर्स म्हणून जर्मनीला जाईनच.

पहिला फॉर्म आईचा. ती कपाशी निंदून नुकतीच घरी आली होती. नाव, गाव, पिनकोड झालं. व्यवसायापुढे मी लिहिलं 'हाउसफ्राऊ'.

"काय लिवलं?"

"गृहिणी."

"अन् वावरात काय तुही मावशी जाते?"

मी ते खोडलं, डिक्शनरी उघडली अन् लिहिलं 'बॉयरिन'. "म्हंजे शेतकरीन, आई."

आईनं कागद हातात घेतला. "आजवर कोन्या कागदावर मले कोनं शेतकरीन नाई लिवलं. सही कुठं करू?"

"हा सरावाचा हाय. कुठंच पाठवाचा नाई."

"असू दे. पेन दे."

पुढे परीक्षेत माझे पाचही रकाने बरोबर आले. आईचा तो फॉर्म मात्र मी मागितला, तरी तिनं परत दिला नाही.